दादानं शिवलेली कव्हरं

दादा गेल्याची बातमी मला छत्तीसगढीतून कळली. फोन त्याच्या शेजारच्या साहूबाईचा होता. एरवी ती माझ्याशी जपून, शुद्ध हिंदीत बोलते. मी शाळेत शिकवत होते ना, चुका काढीन असं तिला वाटतं. त्या दिवशी मात्र सगळं जपणं सोडून ती म्हणाली, "दीदी, भइया ह उठत नइ हे." एवढंच. भिलाईतल्याच वैशाली नगरातल्या माझ्या घरून कोहक्याला दादाकडे मी कशी पोचले ते मला आठवत नाही. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हे संध्याकाळी कुणीतरी दाखवलं तेव्हा कळलं. वहिनी दादाच्या उशाशी बसली होती. हात त्याच्या कपाळावर. माझी चाल ओळखून म्हणाली, "बाई, ते थंड हायेत. मले पहाटेच समजलं. पण म्हटलं, कोणी पाहून सांगू दे..." वहिनीचे दोन्ही डोळे काचबिंदूनं जाऊन बरीच वर्षं झाली. पत्रावरचं नाव, दुधाच्या पिशवीवरची तारीख, दारात कोण उभं आहे, हे सगळं तिला कुणीतरी पाहून सांगावं लागतं. ही एक गोष्ट तिला आम्हा सगळ्यांच्या आधी कळली होती.

त्याच्या थोडेच दिवस आधी मी त्यांच्याकडे गेले होते. दादा शिवणाच्या मशीनवर बसला होता, तोंडात टाचणी. मला बघून टाचणी काढली आणि म्हणाला, "मंदे, डोळे मीट अन् सांग, हे काय हाये." मी डोळे मिटले. हातात काहीतरी खरखरीत आलं. मी म्हटलं, "फडकं." तो खूश होऊन हसला. "अवं कायचं फडकं, पिठाचा डबा हाये तो." आतून वहिनीनं आवाज दिला, "बाईले कावून तरास देऊन राहिले?" तर हा म्हणतो, "तिले दिसते न, म्हणून तिले समजत नाही." माझा भाऊ असाच होता. स्वतःला जे कळलं ते सगळ्या जगाला कळावं म्हणून मागे लागायचा. त्या दिवशी मी चहा घेऊन, थोडं भांडून निघून आले. शेवटची भेट शेवटची आहे हे आधी कळत नाही, हे सगळेच लिहितात. मीही लिहिते, कारण ते खरं आहे.

दादाला कव्हरं शिवता येत होती असं मी लिहिलं तर जुने लोक हसतील. ते वहिनीचं काम. आमगावजवळच्या आमच्या गावातून दादा भिलाईच्या पोलाद प्लांटात लागला तो क्रेनवर. उंच कॅबिनमध्ये बसून खाली उकळतं लोखंड इकडून तिकडे न्यायचं. त्याच्या पाठोपाठ मीही शिकायला म्हणून इथे आले ती भिलाईचीच झाले. वहिनी लग्न होऊन सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिला या शहराचं दुःख समजलं. भिलाईची धूळ. वारा प्लांटकडून फिरला की खिडकीच्या कट्ट्यावर काळसर लाल भुकटी बसते. सकाळी पुसा, दुपारी पुन्हा आहे. दुसरी एखादी रडत बसली असती. वहिनीनं माहेरून मशीन मागवलं आणि घरातल्या एकूणएक वस्तूला कपडे चढवले. रेडिओला, पंख्याला, पाण्याच्या माठाला, मशीनला स्वतःला. कडेला झालर, मधे भरतकामाचा मोर. रेडिओपेक्षा त्याचं कव्हर देखणं, अगदी नाकापेक्षा मोती जड. मी चिडवायची, "वहिनी, पाहुणा जरा जास्त वेळ बसला तर त्यालाही कव्हर घालशील तू." ती म्हणायची, "बसून तं पाहू दे."

मग तिचं दिसणं आक्रसत गेलं. आधी कडेचं गेलं. दारातून येताना खांदा चौकटीला लागायचा. सुईत दोरा ओवताना ती खिडकीपाशी, मग अंगणात, मग भर उन्हात जाऊन उभी राहू लागली. डॉक्टरांनी थेंब दिले, ऑपरेशन केलं, पुन्हा थेंब दिले. दादा रिटायर झाला, क्वार्टर सोडावं लागलं, आणि कोहक्याच्या या घरात ते राहायला आले तोवर उजेड आणि अंधार एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं. हे घर तिनं कधी पाहिलेलंच नाही. भिंतीचा रंग दादानं तिला सांगितला होता. आंबट दह्यासारखा, म्हणाला होता. मला विचारलं असतं तर मी पिवळा म्हटलं असतं.

त्या घरात पहिले काही महिने वाईट गेले. वहिनी पलंगावर बसून राहायची. कुठे जायचं तर दादाचा हात. जुनी कव्हरं धुऊन धुऊन विरली होती, फाटत होती, आणि ती शिवणारी शिवू शकत नव्हती. एक दिवस दादानं मशीन ओढून पलंगाजवळ आणलं आणि म्हणाला, "मले शिकव." वहिनी म्हणाली, "मले दिसत नाही तं मी का शिकवू?" हा म्हणाला, "आयकू तं येते न." आणि खरोखर तिनं त्याला ऐकून शिकवलं. मी स्वतः पाहिलंय. हा पाय मारायचा, ती पलंगावर मान कलती करून ऐकायची. मधेच म्हणायची, "थांबा. दोरा सुटला. नुसते भोकं पाडून राहिले तुमी." बघावं तर दोरा खरंच सुटलेला असायचा. जन्मभर क्रेन चालवलेल्या माणसाला सरळ शिवण येईना. पहिलं कव्हर मिक्सरचं. चारही बाजू इतक्या मन लावून शिवल्या की मिक्सर आत जायला जागाच ठेवली नाही. करायला गेला गणपती अन् झाला मारुती. वहिनी ते हातात घेऊन गोल गोल फिरवत राहिली, तोंड शोधत. सापडेना तेव्हा हसायला लागली. तिचं हसू त्या घरानं पहिल्यांदाच ऐकलं.

हात बसल्यावर मात्र दादाच्या अंगात आलं. सुपेल्याच्या बाजारातून त्यानं एका राखाडी कापडाचा अख्खा तागा आणला आणि घरातल्या सगळ्या वस्तूंना एका रंगाचा, एका कापडाचा गणवेश शिवला. मिक्सर, टीव्ही, डबे, इन्व्हर्टर, उशा. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. घर पहिल्यांदाच नीटनेटकं दिसत होतं. मग त्यानं वहिनीला हात धरून सगळ्या घरातून फिरवलं. ती एकेका वस्तूला हात लावत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी आहे तिथे जमिनीवरच बसली. "सगळं सारखंच लागते," म्हणाली. "मी कुठं हाओ तेच समजत नाही."  दादा त्या रात्री जेवला नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि तिचं त्याहून जास्त. जुन्या कव्हरांवरचे मोर आणि झालरी हाताला सांगत होत्या की हा रेडिओ, हा माठ. त्यानं प्रेमानं ते सगळं पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या कपड्यांची पेटी उघडली. तिथून पुढे मग त्या घरात दोन वस्तूंना एक कापड कधी झालं नाही. मिक्सरला मुलाच्या, नितीनच्या, कॉलेजातल्या रेघारेघांच्या कॉर्डुरॉय पँटचं. पिठाच्या डब्याला तरट. टीव्हीला स्वतःच्या प्लांटातल्या खाकी शर्टाचं, आणि शर्टाचा खिसा तसाच ठेवलेला, रिमोट ठेवायला. मशीनला आमच्या आईच्या लुगड्याचं, ते इतकं मऊ झालेलं की हातात राहत नाही. वहिनीच्या डोळ्यांच्या थेंबांना (नजर गेली तरी डोळे ठणकू नयेत म्हणून ते घालावेच लागतात) फ्लॅनेलची थैली, आणि त्याच्या कानाच्या थेंबांना जुन्या मोज्याची. (क्रेनच्या आवाजानं त्याचे कान अधू झाले होते. एकाचे कान, एकीचे डोळे; दोघं मिळून एक धड माणूस होतं असं तो म्हणायचा.) दिसायला ते घर म्हणजे बोहारणीचं गाठोडं. मी तोंडावर म्हणायची. पण वहिनी पलंगावरून उठली. एक एक वस्तू हाताला लावत आधी स्वयंपाकघरापर्यंत गेली, मग मागच्या दारापर्यंत, मग तुळशीपर्यंत. वर्षभरात ती चहा करायला लागली, वरण लावायला लागली, आणि मी उशिरा गेले तर टोमणे मारायला लागली. एखादं कव्हर विरलं की दादा त्याच कापडाचा दुसरा तुकडा शोधायचा. कॉर्डुरॉय संपलं तेव्हा त्यानं नितीनला फोन करून विचारलं होतं, तुझ्याकडे दुसरी तशी पँट आहे का. नितीनला वाटलं, बाबांना घालायची असेल.

सकाळी उठलाच नाही, इतकं सोपं मरण दादाला आलं. लोक म्हणाले, पुण्यवान. मला राग आला. पुण्यवान म्हणे... आणि जी मागे राहिली तिचं काय?

आमच्याकडे दहाव्याला सुतक फिटतं. घरातलं सुतासुताचं जे जे म्हणून असेल ते सगळं धुवायचं, घर सारवायचं, पुसायचं. आता सारवायला फरशीच आहे, पण धुणं चुकत नाही. साहूबाई आणि गल्लीतल्या बायका सकाळीच आल्या. पडदे, चादरी, उशांच्या खोळी, आणि त्यांच्यासोबत सगळी कव्हरं. रगडून धुतली, अंगणात दोऱ्यांवर वाळत घातली, संध्याकाळी घड्या करून परत चढवली. आमच्या माणसासाठी त्या बायांनी दिवसभर हात झिजवले. मी त्या वेळी नितीनसोबत दहाव्याच्या विधीला नदीवर होते. वहिनी आतल्या खोलीत नातेवाईक बायकांच्या घोळक्यात. कुणी कशाला विचारील, कुठलं कव्हर कशाचं? ज्याला जे बसेल ते बसवलं. शिवाय जे जिथे शोभेल ते तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन ओरडला. इतक्या जोरात की मी हातातली बादली टाकून धावले. वहिनी पलंगावर मान मागे टाकून बसली होती आणि नितीननं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. तिच्या हातात बाटली होती. कानाच्या थेंबांची. थैली फ्लॅनेलचीच होती. थैल्या धुऊन परत भरताना बाटल्यांची अदलाबदल झाली होती. एक थेंब, आणि काय झालं असतं कोण जाणे.  वहिनी मात्र शांत होती. तिनं हात सोडवून घेतला, उठली, स्वयंपाकघराकडे चालायला लागली. पहिल्या वस्तूला हात लावला आणि थांबली. दुसऱ्या वस्तूला लावला. मग तिथेच भिंतीला टेकून म्हणाली, "बाई... मी कोणाच्या घरी हाओ?"

त्या दुपारी नितीननं आईला सोबत नेण्याचा, तिकिटाचा विषय काढला. तो हैदराबादला असतो, तिथे फ्लॅट आहे, सून आहे, कामाला बाई आहे. पोरगा चांगला आहे, त्याची भीती खरी होती. तो म्हणाला, "आत्या, आईले एकटं कसं सोडू मी? इधर कौन देखेगा? तू किती दिवस येशील कोहक्याले रोज?" वहिनी ऐकत होती. म्हणाली, "तिथं मले कोण सांगन, कुठं काय हाये?" तो म्हणाला, "मैं बताऊंगा ना, आई." ती म्हणाली, "तू सकाळी जाशीन अन् रात्री येशीन. मंग दिवसभर मी पलंगावर बसून राहीन. मी बसली आहो तशी, बाबू. मले माहीत हाये ते."  नितीनला ते दिवस माहीत नव्हते, तेव्हा तो नोकरीला हैदराबादला होता.

मी वहिनीला म्हटलं, चल. घरातली सगळी कव्हरं काढली आणि हॉलमधे तिच्यापुढे ढीग घातला. साहूबाई दारात उभी राहून रडत होती, "मोर गलती हे, दीदी, मोर गलती हे." वहिनीनं तिला जवळ बसवून घेतलं. मग एक एक कापड हातात घेऊन सांगत गेली. "हे मिक्सर. हे तांदळाची कोठी. हे... हे टीव्ही, इथं खिसा हाये पाहा." मी आणि साहूबाई पळत जाऊन घालत गेलो. मधेमधे ती एखाद्या शिवणीवर बोट फिरवत थांबायची. एका ठिकाणी म्हणाली, "इथं दोरा सुटला होता. मी सांगितलं होतं त्यायले, तरी नाही उसवलं." थैल्यांमधे बाटल्या घालताना तिनं कानाच्या थेंबांची बाटली मला परत दिली. "ही फेका, बाई. ही आता कोणालेच नाही लागत." मोज्याची थैली तिनं ठेवून घेतली.

मग ती उठली आणि घरभर फिरली, कुणाचा हात न धरता. नितीन दाराशी उभा होता. तिनं आधण ठेवलं, साखर घातली, चहा गाळला आणि कप नेमका त्याच्यासमोर धरला.  त्यानं चहा प्यायला. म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू. पर आत्या, कुछ भी हुआ, एकदा जरी पडली-बिडली, तो मैं लेके जाऊंगा." वहिनीनं मान डोलावली. रोज रात्री व्हिडिओवर बोलायचं ठरलं. फोन समोर धरायचं काम साहूबाईकडे आलं.

त्याला आता काही आठवडे झालेत. मी रोज जाते. परवा संध्याकाळी गेले तर वहिनी फोनवर नितीनशी बोलत होती, चांगली हसत होती, आणि एका हातानं लुगड्याचा काठ सारखा खाली ओढत होती. मला शिक्षिकेची नजर आहे, मुलं काही लपवत असली की मला पाठमोरंही कळतं. फोन बंद करून साहूबाई घरी गेल्यावर मी तिच्या पायाशी बसले आणि काठ वर केला. नडगीवर काळंनिळं. एक जुनं, त्यावर नवं, त्याच्या खाली आणखी एक.

"काय झालं?"

"काही नाही."

"वहिनी."

तिनं काठ माझ्या हातातून सोडवून खाली ओढला. मग हॉलच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "ते खुर्ची लागते."

दाराशी दादाची खुर्ची आहे. लोखंडी, वेताची बैठक असलेली, क्वार्टरपासून चालत आलेली. साऱ्या घरात तेवढ्याच एका वस्तूला कव्हर नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या घराला नावं ठेवत होते आणि ते मला दिसलं नव्हतं.

"तिले कव्हर कायले पायजे होतं?" वहिनी म्हणाली. "ते बसून असायचे न. खोकलायचे, पेपर वाजवायचे. मी आली का पाय मागं घ्यायचे. मले समजायचं, इथं दार हाये." तिनं नडगीवर हात ठेवला. "आता मी चालत जातो अन् खुर्ची लागते. नितीनले नका सांगू, बाई. तो नेईन मले."

"खुर्ची उचलून मागे ठेवते," मी म्हटलं.

"नको. दार कसं सापडन मंग?"

 मला शिवता येत नाही, हे तिला माहीत आहे. तरी ती म्हणाली, "तुमी एक कव्हर शिवून द्या. मी सांगीन कसं शिवायचं ते." मी म्हटलं, देते. पेटीत दादाचा एक चौकडीचा सदरा आहे, तो चांगला जाड आहे, त्याचंच करू या.

वहिनीनं माझा हात धरला.

"त्यायच्या कपड्याचं नका शिवू. हात लागला का मले वाटन, बसून हायेत. मंग मी तिथंच उभी राहीन, बाई... पाय कवा मागं घेतेत, म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी सुपेल्याच्या बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, कसलं कापड दाखवू? मी म्हटलं, जाडंभरडं दाखव, हाताला लागलं पाहिजे. आणि कोरं दे, आमच्या घरात आजवर कुणाच्या अंगाला न लागलेलं.